अकरा वर्षांची गाभण थरोब्रेड घोडी, किंमत फीच्या तिप्पट: घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घोडी थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची, अकरा वर्षांची. सहाव्या वर्षी पहिल्यांदा व्याली, आतापर्यंत चार शिंगरं, सध्या गाभण. विकणारा तिच्या पोटातल्या शिंगराच्या बापाची घोडी फळवण्याची जी फी आहे तिच्या तिप्पट मागतोय, आणि 'नामांकित घोडीची बहीण आहे' हे तीनदा सांगून झालंय. तिप्पट वाजवी आहे का?

माझं मत आधीच सांगतो. तुम्ही दिलेल्या माहितीवर दुपटीच्या पुढे जाऊ नका, आणि दुप्पटसुद्धा एका प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावरच. तो प्रश्न बहिणीचा नाही, रिकाम्या वर्षांचा आहे.

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, भ्रूण दुसऱ्या घोडीच्या पोटात ठेवणंही चालत नाही. तशा शिंगराची स्टडबुकात, म्हणजे जातीच्या नोंदवहीत, नोंदच होत नाही. म्हणजे एक घोडी, वर्षाला फार तर एक शिंगरू. त्यामुळे या घोडीची किंमत म्हणजे तिच्या पुढच्या वेतांची किंमत, आणि पुढची वेतं किती होतील हे मागच्या वेतांवरूनच कळतं. सहा ते अकरा या वयात तिला सहा हंगाम मिळाले. शिंगरं चार. नववं आणि अकरावं वर्ष रिकामं (आता पोटात आहे ते बाराव्या वर्षी येईल).

आता ही दोन रिकामी वर्षं सारखी नाहीत. घोडीचे गाभण दिवस साधारण ३४०. दरवर्षी त्याच सुमारास व्यायची तर व्याल्यावर पंचवीसेक दिवसांत तिने परत धरलं पाहिजे, म्हणजे सातव्या ते दहाव्या दिवशी येणारा पहिला माज किंवा फार तर त्याच्या पुढचा. ते जमलं नाही की तारीख दरवर्षी पुढे सरकते. उत्तर गोलार्धात सगळ्या शिंगरांचं वय १ जानेवारीला एक वर्षाने वाढतं, ऑस्ट्रेलियात १ ऑगस्टला. म्हणून मेअखेर जन्मलेलं शिंगरू लिलावात फेब्रुवारीतल्या शेजारी लहानखुरं दिसतं आणि कमी बोली खातं. तुमच्या घोडीची वेतं पाहा: सहाव्या वर्षी फेब्रुवारी, सातव्या वर्षी मार्चअखेर, आठव्या वर्षी मेचा तिसरा आठवडा. तिथे मालकाने हंगाम मुद्दाम सोडला असेल तर ते शहाणपण झालं. पुढच्या वर्षी तिला लवकर फळवलं आणि दहाव्या वर्षी ती मार्चच्या सुरुवातीला व्याली, हे त्याच्याशी जुळतं. नवव्या वर्षाचा एक पैसाही कापू नका.

अकराव्याचं काय? दहाव्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला व्यालेल्या घोडीला रिकामी ठेवायचं काही कारण नाही. तिला फळवलं होतं का, किती वेळा, उलटली (न धरता परत माजावर आली) का, की धरलं आणि नंतर गाभडली? किती महिन्यांची गाभडली? चौदाव्या-सोळाव्या दिवशीच्या स्कॅनमध्ये जुळं दिसलं आणि एकच ठेवायचं म्हणून दुसरं दाबताना दोन्ही गेली, तर तो निव्वळ योगायोग. पण तीन माजांत तीनदा फळवून उलटली असेल तर दोष गर्भाशयात असण्याची शक्यता मोठी.

हे मी स्वतः पैसे मोजून शिकलोय. माझ्या दुसऱ्याच घोडीच्या नोंदीत असंच एक रिकामं वर्ष होतं. विकणारा म्हणाला, 'त्या वर्षी विश्रांती दिली.' मला ते पटलं, कारण मला घोडी आवडली होती. मागे उभा राहिलो तेव्हा मोतद्दाराने शेपटी बाजूला धरली होती. निरण (योनीचं बाहेरचं तोंड) सरळ उभं असायला हवं, तिचा वरचा भाग आत कलून जवळजवळ आडवा झाला होता, आणि कडेला टाक्यांचे वण होते, जुन्यावर नवे, दोन-तीन थरांचे. निरणाचा वरचा भाग शिवणं पुष्कळ घोड्यांना लागतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण इतका कल म्हणजे शेणाचा कण न् कण आत सरकणार, हवा आत जाणार, दरवर्षी गर्भाशय सुजणार. माझ्या डोळ्यांनी ते पाहिलं आणि डोक्याने सोडून दिलं. ती एकदा व्याली, मग दोन वर्षं उलटत राहिली. 'विश्रांती'च्या वर्षी तिला चार वेळा फळवलं होतं, हे मला स्टॅलियनवाल्याकडच्या (फळवणाऱ्या घोड्याच्या मालकाकडच्या) नोंदीतून खूप उशिरा कळलं. ती नोंद मागितल्यावर मिळते. मी मागितलीच नव्हती.

घोडी रिकामी असती तर पशुवैद्याकडून गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून घ्या म्हटलं असतं. पहिल्या श्रेणीचं अस्तर असेल तर शिंगरू दिवस भरून येण्याची शक्यता ८० ते ९० टक्के धरतात, शेवटच्या श्रेणीत ती १० टक्क्यांवर येते. पण गाभण घोडीचा असा तुकडा काढता येत नाही. 'गाभण आहे म्हणजे बिनधोक' असं वाटतं खरं, पण गाभण असल्यामुळेच तिची आतली तपासणी बंद होते. म्हणून अकराव्या वर्षाचा हिशेब तोंडी नको, कागदावर हवा.

तिच्या शिंगरांपैकी तीन शर्यतीच्या वयाची. दोन धावली, एकाने लहान शर्यत जिंकली. तिसरं तीन वर्षांचं होऊनही मैदानावर का नाही? पायांचं काही असेल आणि पहिल्या दोघांनाही तोच त्रास झाला असेल, तर तो आईकडून आलाय असं धरा. शक्य असल्यास तिचं गेल्या वर्षीचं शिंगरू बघून या. एक शिंगरू चालताना बघितलं की वंशावळीच्या चार पानांपेक्षा जास्त कळतं.

बहिणीबद्दल. थरोब्रेडवाल्यांच्या भाषेत भावंडं म्हणजे एका आईची. एका बापाची शिंगरं वर्षाला शंभरावर असू शकतात, त्यांना कुणी भावंडं म्हणत नाही. ती 'बहीण' नुसती बापाकडून असेल तर तिची किंमत शून्य. आईकडून असेल तर लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ठळक अक्षरांतली नावं कुठल्या पिढीत आहेत ते बघा. मोठ्या शर्यती जिंकणारे पहिल्या दोन आयांखाली (तिची आई आणि आजी) असतील तर पैसे द्या. वरचं अर्धं पान विरळ आणि तिसऱ्या-चौथ्या आईखाली गर्दी असेल, तर पान भरायला पणजीला बोलावलंय एवढंच. एका गोष्टीचे मात्र मी थोडे जास्त देईन: तिचं एखादं धाकटं भावंड किंवा तिचंच शिंगरू अजून धावतंय का? ते उद्या मोठी शर्यत जिंकलं तर तुम्ही काहीही न करता तिचं पान सुधारतं.

घोडी स्वतः चारच वेळा धावली म्हणून नाराज होऊ नका. १९२६ साली जन्मलेली ला त्रुआएन सात वेळा धावून एकदाही जिंकली नाही, आणि अमेरिकेतल्या किती मोठ्या घराण्यांची मूळ आई ती ठरली. उलट झेन्याटाने वीसपैकी एकोणीस शर्यती जिंकल्या, पण तिची धावलेली पहिली दोन शिंगरं एकही शर्यत जिंकली नाहीत. चांगली धावलेली घोडी सरासरीने चांगली हे खरंच, पण अकराव्या वर्षी तिची स्वतःची शिंगरं समोर असताना तिच्या शर्यती कोण बघतो? ती गोष्ट कोऱ्या, अजून न व्यालेल्या घोडीची.

आता आकडे. फी म्हणजे एक एकक धरू. पुढचे आकडे मी उदाहरणादाखल घेतोय, तुमचे तुम्ही घाला. त्या स्टॅलियनच्या एक वर्ष वयाच्या शिंगरांच्या विक्रीची मधली किंमत घ्या, म्हणजे निम्मी जिच्या वर विकली गेली आणि निम्मी खाली. सरासरी नको, एका महागड्या शिंगराने सरासरी फुगते. समजा ती अडीच. पोटातलं शिंगरू विक्रीपर्यंत वाढवायला, आईच्या खर्चासकट, एक. राहिले दीड. जिवंत शिंगरू हाती यायची शक्यता ८० टक्के धरली तर १.२. त्यानंतर सतराव्या वर्षापर्यंत पाच हंगाम. आतापर्यंतची गती सहात चार, वय वाढतंय, तेव्हा तीन शिंगरं धरा. त्यांची फी तुम्हीच भरणार, म्हणून प्रत्येकी अर्धाच उरतो: दीड. दोन रिकाम्या वर्षांचा दाणा-वैरण-वैद्य ०.८ वजा. राहिले ०.७. एकूण १.९.

यात दोन सापळे आहेत. पहिला, ती फी भरलीय का? पुष्कळदा फी शिंगरू उभं राहून प्यायल्यावर देय होते, आणि करारात नसेल तर ती विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. तसं असेल तर तुम्ही तिप्पट नाही, चौपट देताय. दुसरा, तो स्टॅलियन कितव्या हंगामात आहे? तिसऱ्या-चौथ्या हंगामातला असेल तर तुमचं शिंगरू लिलावात येईपर्यंत त्याची पहिली शिंगरं धावलेली असतील. ती चालली नाहीत तर अडीचाचे दीड व्हायला वेळ लागत नाही. मग हा सगळा हिशेबच खाली येतो.

बाकी किरकोळ: खूर, पायाला जुना सांधेवात आहे का (अकरा महिने पोट वाहायचंय), काठ धरून हवा ओढायची खोड. कास नीट दाबून बघा, एखादा सड निकामी असला तर शिंगरू मागे पडतं. मागच्या एखाद्या शिंगराला जन्मल्यावर कावीळ झाली होती का, हेही विचारा. काही घोड्यांच्या चिकातच शिंगराच्या तांबड्या पेशी मारणारं काही असतं. माहीत असेल तर पहिले दीड-दोन दिवस दुसऱ्या घोडीचा चीक पाजून निभावता येतं, किंमत फारशी पडत नाही. माहीत नसेल तर शिंगरू जाऊ शकतं.

विकणाऱ्याला एवढंच म्हणा: दहाव्या वर्षी व्याल्यानंतरच्या हंगामातली फळवल्याची आणि स्कॅनची नोंद दाखवा, चालू गाभाचे स्कॅन तारखांसकट द्या, आणि पैसे देण्याच्या दिवशी माझा पशुवैद्य पुन्हा तपासेल. नोंद स्वच्छ निघाली आणि फी भरलेली असेल तर १.९ पासून सुरू करा, दोनवर थांबा. 'आता कोण शोधणार ते कागद' असं उत्तर आलं तर मी दीड सांगेन आणि त्याने नाही म्हटलं की गाडीत बसेन.