ज्येष्ठांचे चालणे : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आम्ही पुण्यात नारायण पेठेत राहतो. ७८ वर्षांची आई पदपथ सोडून रस्त्याच्या कडेने चालते. कितीही सांगितले तरी ऐकत नाही.

एकदा तिच्यासोबत, तिच्याच चालीने मंडईपर्यंत जाऊन पाहावे. वाड्याच्या किंवा सोसायटीच्या प्रत्येक फाटकापाशी पदपथ तुटला असेल, तर तेथे उतरावे लागते आणि पुन्हा चढावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढण्याइतकेच, किंबहुना अधिक, उतरणे जड जाते, कारण त्या क्षणी सगळा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर येतो. रस्ता निदान सपाट असतो. आईचा हा हट्ट नसून हिशेब आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथ १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा आणि निवासी भागातही चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी. फाटकापाशी पदपथाची पातळी कायम ठेवून चढउतार गाडीने करावा, हीच योग्य रचना होय. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ‘ज्येष्ठांची गैरसोय होते’ असा मोघम अर्ज देण्यापेक्षा टेपने उंची मोजून, छायाचित्रे जोडून द्यावा आणि पोच घ्यावी. तोवर आईने रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे येणारे वाहन समोरून दिसते.

प्रश्न : सिग्नल हिरवा होताच निघूनही मी अर्ध्या रस्त्यातच अडकतो. माझेच चालणे मंद आहे का?

सेकंदाला १.२ मीटर ही चाल धरून पादचाऱ्यांची वेळ ठरवण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने १४ मीटर रस्त्याला १२ सेकंद पुरतात, ०.८ मीटरने चालणाऱ्याला साडेसतरा लागतात. सिंगापूरमध्ये २००९ पासून ज्येष्ठांनी आपले सवलतीचे कार्ड सिग्नलच्या खांबावर टेकवले की रस्ता ओलांडायला काही सेकंद वाढवून मिळतात. आपल्याकडे वाहतूक शाखेकडे वाढीव वेळ किंवा मध्ये थांबण्यापुरता दुभाजक मागावा.

प्रश्न : मुंबईत स्थानकाबाहेरचा स्कायवॉक मी वापरावा, असा मुलाचा आग्रह आहे.

सरकता जिना किंवा लिफ्ट रोज चालू असेल तर जरूर वापरावा, एरवी नाही.

प्रश्न : फाटकाबाहेर बाक ठेवल्यास टवाळखोर बसतील, असे सोसायटीतील काहींना वाटते.

भीती अगदीच निराधार नाही. पण दम लागणारा माणूस अंतर मोजतो ते पुढच्या टेकण्याच्या जागेपर्यंतचे, आणि ती नसेल तर तो घरीच बसतो. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथासोबत बसायची सोय केल्यावर तिचा लाभ सर्व वयाचे लोक घेतात. बाक दिव्याखाली, रखवालदाराच्या नजरेत ठेवावा. उंची सुमारे ४५ सेंटिमीटर असावी, पाठ असावी आणि उठताना रेटा देता येईल असे हात असावेत. सिमेंटचा बुटका कठडा ज्येष्ठांच्या उपयोगाचा नाही.