चुनखडक नव्हे, कंकर

प्रश्न असा: नदीकाठच्या जुन्या मातीत जे पांढुरके खडे सापडतात त्यांना 'कंकर' म्हणावं की 'चुनखडक'? आणि 'कंकर' हा हिंदी शब्द ना?

'चुनखडक' मुळीच नको. चुनखडक हा सलग खडक, आणि तो बहुतेक ठिकाणी समुद्राच्या तळाशी साचलेला असतो. नेवाशाजवळ प्रवरेच्या दरडीत 'चुनखडक' आहे असं कुणी लिहिलं की पुढच्या वाक्यात तिथे समुद्र येतो! दरडीतले खडे मातीच्या पोटातच तयार झालेले आहेत. पावसाचं पाणी मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली मुरतं आणि बेसॉल्टच्या चुऱ्यातलं कॅल्शियम विरघळवतं. कोरड्या महिन्यांत पाणी आटतं, वायू निघून जातो, आणि चुना मातीच्या कणांभोवती गोळा होतो. पाऊस फार असेल तर चुना टिकतच नाही. म्हणून कोकणात जांभा आहे, कंकर नाही. शेतकरी याला 'चुनखडी' म्हणतात, तेही बरोबर.

आता 'कंकर'. संस्कृत 'कर्कर' म्हणजे कठीण. प्राकृतात 'कक्कर', पुढे 'कंकर'. द्वित्त, म्हणजे दुहेरी व्यंजन, जाऊन अनुस्वार येणं नेहमीचंच आहे: पक्ष, पक्ख, पंख. मग तो एकट्या हिंदीचा कसा? इंग्रजांनीही तो इथूनच उचलला. 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या १८८६ च्या कोशात त्याची स्वतंत्र नोंद आहे. अशाच चुनखडीसाठी भूशास्त्रात वापरला जाणारा 'कॅलक्रीट' हा शब्द ब्रिटिश भूशास्त्रज्ञ लॅम्पलू यांनी घडवला १९०२ मध्ये. 'कॅलक्रीट' तेवढा शास्त्रीय आणि 'कंकर' गावठी असं बजावणाऱ्या पंडितांनी ही दोन सालं शेजारी ठेवून पाहावीत.

आणि खरी गंमत पुढे आहे. 'शर्करा' म्हणजे मुळात साखर नव्हेच, बारीक खडे! शतपथ ब्राह्मणात पृथ्वी घडण्याचा क्रम दिला आहे, त्यात वाळूनंतर शर्करा येते आणि शर्करेनंतर दगड. तिथे साखर बसवून दाखवा. आयुर्वेदात मुतखडा फुटून पडणाऱ्या रेवेला शर्करा म्हणतात. पालीतल्या 'सक्खरा'ला खडे आणि साखर हे दोन्ही अर्थ आहेत. उसाचा रस आटवून दाणे पडले, ते खड्यांसारखे दिसले, आणि नाव चिकटलं. म्हणजे आपल्या 'खडीसाखरे'त खडा दोनदा आला आहे. 'शर्करा'चा मुख्य अर्थ साखर आणि 'खडा' हा लाक्षणिक, असं सांगणाऱ्यांनी गाडी उलटी जुंपली आहे. माझ्या मते 'कर्कर' आणि 'शर्करा' ही एकाच शब्दाची दोन बोलींतली रूपं. 'क' आणि 'श' नियमाने जुळत नाहीत हा आक्षेप ठाऊक आहे, पण अर्थ इतका तंतोतंत जुळत असताना केवळ त्यावर नातं नाकारणं मला पटत नाही.

शब्द बरोबर वापरायचा तर 'जागेवरचा कंकर' आणि 'वाहून आलेला कंकर' हा भेद पाळायलाच हवा. पहिला मातीचा, दुसरा गाळाचा. दरडीचा वरचा विटलेला भाग वीतभर तरी तासून काढा. बाहेरच्या तोंडावर अलीकडचा चुना बसलेला असतो आणि तो फसवतो. मग पाहा. जागेवरचा खडा वेडावाकडा असतो, कडेला मातीत हळूहळू मिसळतो, फोडला तर आत भोवतीच्याच मातीचे कण दिसतात. आजूबाजूला मुळांच्या नळ्या आणि काळ्या मातीतले तिरपे, घासून चकाकलेले पृष्ठभाग सापडतात. वाहून आलेला खडा गोटीसारखा गुळगुळीत, बेसॉल्टच्या गोट्यांबरोबर थरात लागलेला, कधी शिंपल्यांच्या तुकड्यांसोबत. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने दोन्ही फसफसतात, त्यामुळे नुसत्या आम्लाच्या थेंबावर निवाडा करू नका.

चूक होते ती इथेच. वाहून आलेला कंकर त्या थराहून जुना असतो. त्यावरून थराचं वय किंवा हवामान काढलं की सगळंच चुकतं. जागेवरच्या कंकरातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणावरून, तिथे गवताळ रान होतं की झाडी, याचा अंदाज बांधता येतो. मात्र नमुना खड्याच्या बारीक कणांच्या, दाट भागातूनच घ्यावा. चिरांत नंतर भरलेल्या चकचकीत स्फटिकांना हात लावू नये, कारण ते पुढच्या काळातल्या पाण्याने आणलेले असतात.