एलईडी व्हिडिओ लाइट १० टक्क्यांखाली झटके देत का उतरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिरगावातल्या चाळीच्या खोलीत विझत जाणाऱ्या कंदिलाचा शॉट आहे. बाय-कलर (पिवळसर ते निळसर रंग देणारं) पॅनल १२ टक्क्यांवर लावलंय, फेड करताना ते शेवटी झटके देत उतरतं आणि १ वरून एकदम काळोख. नवा, महागडा लाइट घ्यावा का?

आत्ता नको. आधी ०.९ एनडी जेलचा (रंग न बदलता प्रकाश कमी करणाऱ्या करड्या पारदर्शक कागदाचा) एक तुकडा लावून बघा.

दोष सगळा पॅनलचा नाही, हिशोबाचाही आहे. डिमर सरळ टक्केवारीने, म्हणजे लिनिअर चालत असेल तर १०० वरून ९९ ला फरक जेमतेम ०.०१५ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), कुणाच्या लक्षातही येत नाही. १० वरून ९ म्हणजे ०.१५. ५ वरून ४ म्हणजे ०.३२, इथे कॅमेऱ्यात पायरी दिसायला लागते. आणि २ वरून १ म्हणजे अख्खा एक स्टॉप, प्रकाश थेट निम्मा! टंगस्टनच्या बल्बची तापलेली तार थंड व्हायला वेळ घ्यायची, त्यामुळे डिमरच्या पायऱ्या आपोआप झाकल्या जायच्या. एलईडी तसा वेळ घेतच नाही. प्रत्येक पायरी जशीच्या तशी भिंतीवर उमटते.

की लाइट, म्हणजे मुख्य दिवा, १२ वर लावला म्हणजे फेडसाठी हातात १२ पायऱ्या, बस. ०.९ एनडी तीन स्टॉप खातो, प्रकाशाचा आठवा हिस्सा उरतो. तेवढाच उजेड मिळवायला पॅनल ९६ वर न्यावं लागेल. म्हणजे उतरायला ९६ पायऱ्या, आणि त्यातला शेवटचा १ टक्का जुन्या हिशोबाने ०.१२५ टक्का. तो कधी विझला ते पडद्यावर बहुधा कळणारही नाही. एनडी नसेल तर जाड डिफ्यूजन, म्हणजे प्रकाश मऊ करणारा कागद, लावा (२१६ नंबरचं साधारण दीड स्टॉप खातं) किंवा थर्माकोलवर बाउन्स करा. लाइट दुप्पट लांब नेला तरी ढोबळमानाने दोन स्टॉप जातात, पण चाळीच्या खोलीत लांब म्हणजे कुठे, गॅलरीत?

९६ टक्क्यांवर पॅनलचा पंखा जोरात फिरतो. सिंक साउंड (शूटिंगवेळीच आवाज रेकॉर्ड करणं) असेल तर साउंडवाल्याला आधीच ऐकवा. पॅनल बॅटरीवर चालवणार असाल तर बघून घ्या, एका बॅटरीवर बरेच लाइट पूर्ण ताकद देतच नाहीत. आणि सीओबी (एकाच मोठ्या चिपचा) लाइट असेल तर जेल तोंडाला चिकटवू नका, फ्रेमवर लावून पुढे धरा, नाहीतर वितळतं.

रंगाचंही एक आहे. ४३०० केल्विनसारख्या मधल्या आकड्यावर वॉर्म आणि कूल दोन्ही रांगा जळत असतात, म्हणजे आधीच कमी असलेल्या प्रकाशाचे आणखी दोन वाटे. तळाशी त्यातली एक रांग आधी विझू शकते आणि चेहऱ्याचा रंग झरकन बदलतो. कंदिलासाठी पॅनल थेट ३२०० किंवा असेल त्या सगळ्यात वॉर्म टोकाला ठेवा. आणखी पिवळा हवा तर हाफ सीटीओ, म्हणजे नारिंगी जेल. तोही प्रकाश खातो, इथे आपल्याला तेच हवंय.

तळाशी एकदम काळोख होण्याचं कारण बहुतेक वेळा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला करंट देणाऱ्या सर्किटमध्ये असतं. पीडब्ल्यूएमवाले लाइट एलईडी भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतात. २५ किलोहर्ट्झला एक फेरी ४० मायक्रोसेकंदांची, त्यातला १ टक्का म्हणजे ०.४ मायक्रोसेकंद. स्वस्त ड्रायव्हरला एवढ्यात करंट चढवून उतरवणं जमत नाही. फ्रिक्वेन्सी खाली आणली तर तळ सुधारतो, पण कॅमेऱ्यात पट्टे येतात. काही लाइट करंटच कमी करतात, तिथे पट्टे नाहीत, पण तळाशी रंग सरकू शकतो.

पॅनलला डीएमएक्स (लाइट कन्सोलवरून चालवायची पद्धत) असेल तर मेन्यूत १६-बिट मोड शोधा. ८-बिटमध्ये २५६ पातळ्या, १६-बिटमध्ये ६५,५३६. मात्र ब्राइटनेससाठी दोन चॅनल लागतात, आणि कन्सोल किंवा ॲपनेही १६-बिट पाठवायला हवं, नाहीतर मोड बदलून काही फरक पडत नाही. डिमिंग कर्व्हची (टक्क्यानुसार उजेड कसा बदलतो त्याची) नावं कंपनीगणिक वेगळी असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. तळाशी ज्यात सगळ्यात बारीक उतरतं तो कर्व्ह घ्या.

अंधेरी-गोरेगावात लाइट भाड्याने घेत असाल तर टेम्पोत चढवण्याआधी गोडाऊनमध्येच तपासा. बाकीचे दिवे बंद, कॅमेरा पूर्ण मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स लॉक, २५ फ्रेम, शटर १/५०, समोर पांढरी भिंत. १० वरून एकेक टक्का खाली या आणि वेव्हफॉर्म, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघा. मग ५ टक्क्यांवर शटर १/२००० करा, पट्टे दिसले तर समजा पीडब्ल्यूएम आहे. शेवटी शटर परत १/५० वर आणून १० वरून ५ वर या आणि आयरिस (लेन्सचं छिद्र) एक स्टॉप उघडा. चित्र आधीइतकंच उजळ आलं तर डिमर लिनिअर, वरचा ९६ चा हिशोब लागू. दोन स्टॉप उघडावे लागले तर तो स्क्वेअर कर्व्ह आहे, म्हणजे उजेड टक्क्याच्या वर्गाने बदलतो. तिथे ९६ चा हिशोब लागू नाही, ०.९ एनडी लावून तेवढाच उजेड हवा तर पॅनल १२ वरून साधारण ३४ वर न्यावं लागेल.