मलावीच्या मुलींसाठी कापडी पॅड

प्रश्न : आमच्या बचतगटातल्या बायकांना शिवण येते. मलावीतल्या एका खेड्यातल्या शाळेत ४० मुली पाळीच्या दिवसांत घरीच राहतात, असे तिथल्या शिक्षिकेने कळवले आहे. त्यांना कापडी पॅड शिवून पाठवायचे आहेत. कसे शिवावेत, किती लागतील? गटाकडे साठलेले पैसेही द्यायचे आहेत.
– महिला बचतगट, डिचोली

उत्तर : आधी निकरचा विचार करा. पॅडचे पंख निकरभोवती टिचबटनाने अडकतात. धड निकर नसेल तर तुमची सगळी मेहनत पेटीत पडून राहील. प्रत्येकीला दोन निकर धरा आणि मापे शाळेकडून मागवून घ्या.

आत जाड थर शिवून बंद केलेला पॅड करू नका. तो वरून कोरडा लागतो, पण आत ओल राहते. श्रावणात आपल्याकडे कपड्यांना कुबट वास येतो, तसेच होते. मलावीत पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, आणि शाळा तेव्हा चालूच असते. म्हणून दोन वेगळे भाग करा. खाली २७ सेंमी लांबीची पंखांची पट्टी, तिच्यात न झिरपणारे पीयूएल कापड, दोन्ही टोकांना खिसे. त्या खिशांत सरकवायला दुहेरी फलालिनचा २४ सेंमीचा चौकोनी रुमाल. तीन घड्या घातल्या की तो ८ सेंमी रुंद होतो, उलगडला की दोरीवर साध्या रुमालासारखा दिसतो. हे फार गरजेचे आहे, कारण लाजेपोटी गादीखाली वाळवलेले कापड सुकत नाही आणि मग खाज सुटते. रंग गडद, फुलाफुलांचा घ्या. धुताना आधी थंड पाणी. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो.

प्रत्येकीला २ पट्ट्या, ८ रुमाल. म्हणजे ८० पट्ट्या, ३२० रुमाल, ८० निकर. रुमालांना ११० सेंमी पन्ह्याचे फलालिन साधारण ४५ मीटर लागेल. ते कापण्याआधी धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून वेडेवाकडे होईल. पीयूएलच्या मधोमध शिलाई मारू नका, टाचणीही टोचू नका. प्रत्येक भोकातून गळते. दोरा पॉलिएस्टरचा वापरा, सुती दोरा ओल शोषून बाहेर आणतो.

आमचे स्पष्ट मत : सगळे इथे शिवू नका. भाडे आणि तिथली जकात कापडाच्या किमतीपेक्षा जड होऊ शकते. तीन-चार नमुने, कागदी कापणी, पीयूएल आणि टिचबटने पाठवा. पट्टीच्या वरच्या कापडाला तिथल्या बाजारातले चितेंजे, म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात ते सुती कापड, चांगले चालते. शिलाईची मजुरी तिथल्याच बायकांना मिळू द्या.

शिक्षिकेला आणखी एक विचारा : मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का, जवळ पाणी आहे का? नसेल तर पॅड बदलायचा कुठे? मलावीत प्राथमिक शिक्षण १९९४पासून मोफत आहे, पण वह्या-गणवेशाचा खर्च आणि माध्यमिक शाळेचे अंतर मुलींना घरी बसवते. २०१७मध्ये घटनादुरुस्तीने लग्नाचे वय १८ झाले, तरी शाळा सुटलेल्या मुलीच्या लग्नाची घाई होतेच. कडीचा खर्च थोडा आहे, तो आधी करा.

पैशांबाबत सावध राहा. परदेशी देणगी पाठवायची एलआरएस योजना फक्त व्यक्तींसाठी आहे, आणि रक्कम स्वतःची असल्याचे बँकेच्या ए-२ अर्जात लिहून द्यावे लागते. म्हणून गटाची गंगाजळी एकीच्या खात्यातून पाठवू नका. त्या पैशांतून पीयूएल आणि टिचबटने इथेच घ्या. ज्यांना वेगळे द्यायचे आहे त्यांनी आपापल्या खात्यातून, पॅन देऊन, थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात भरावे, शिक्षिकेच्या नव्हे. या देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, हे सदस्यांना आधीच सांगा.