दोन पानं, एकच मजकूर

प्रश्न : मी सांगलीत संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वेबसाइटच्या रचनेत स्त्री-पुरुषांविषयीचे साचेबद्ध समज कसे उतरतात, या विषयावर आमच्या मॅडम उन्हाळ्यात संशोधन इंटर्नशिप देत आहेत. वर्गातल्या बहुतेकांनी कंपन्यांमधल्या कोडिंगच्या जागा धरल्या. घरचे म्हणतात, हा समाजशास्त्राचा विषय, प्लेसमेंटला याचं काय? मलाही कळत नाही, यात मोजायचं काय? ताई, घेऊ का?

उत्तर : घे. मोजायचं काय, हा तुझा प्रश्न मात्र सगळ्यात चांगला आहे, म्हणून त्याच्याबद्दलच जास्त लिहिते.

मानसशास्त्रज्ञ सपना चेरियन आणि सहकाऱ्यांचा २००९चा प्रयोग आधी वाच. संगणकशास्त्र विभागातल्या खोलीत कधी स्टार ट्रेक या विज्ञानकथा मालिकेचं पोस्टर, व्हिडिओ गेमची खोकी, सोड्याचे कॅन. कधी निसर्गचित्रं आणि पाण्याच्या बाटल्या. पहिल्या प्रकारच्या खोलीत बसलेल्या मुलींची संगणकशास्त्रातली रुची कमी भरली. त्यांना कुणी एका शब्दानंही हिणवलं नव्हतं, नुसतं सामान बदललं होतं. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हाच विचार वेबपानावर तपासला. अभ्यासक्रम एकच, त्याच्या पानाची रूपं दोन. पुरुषी वळणाचं पान पाहिलेल्या स्त्रियांना तिथं परकं वाटलं, प्रवेश घ्यायची इच्छा आणि स्वतःवरचा विश्वासही घटला. पुरुषांवर तसा परिणाम दिसला नाही.

तुझं कामही याच धर्तीवर बेतता येईल. मजकूर तोच ठेव आणि एकच गोष्ट बदल. चित्र, रंग, भाषा असं सगळं एकदम बदललंस, तर फरक कशानं पडला ते कुणालाच सांगता येणार नाही. कुणाला कोणतं पान दिसेल ते कोडनं यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, ठरवू दे. कोणती तुलना करणार ते माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेव. भाग घेणाऱ्यांना नेमका विषय आधी सांगायचा नसतो. नंतर मात्र सांगायलाच हवा, आणि त्यासाठी कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी मॅडमकडून आधीच मिळव. हॉस्टेलच्या ग्रुपवर लिंक टाकून मैत्रिणींकडून फॉर्म भरून घेणं यात बसत नाही. आणि फरक आढळलाच नाही, तरी तसं लिही.

मला स्वतःला रंग-चित्रांपेक्षा वापराच्या पद्धतीतला भेद अधिक महत्त्वाचा वाटतो. ओरेगन स्टेट विद्यापीठात मार्गारेट बर्नेट यांच्या गटानं ‘जेंडरमॅग’ ही तपासणीची पद्धत बांधली आहे. ॲबी, पॅट आणि टिम अशी कल्पित माणसं घ्यायची आणि त्यांच्या नजरेनं सॉफ्टवेअर पायरी-पायरीनं चालवून पाहायचं. टिम बटणं दाबून बघत शिकतो. ॲबी धोका पत्करत नाही, पुढं काय होणार ते आधी कळलं तरच पुढं जाते. ॲबीसारखे पुरुषही असतात, हे ती पद्धतच सांगते. आपल्या परीक्षा-फीच्या पानांवर ‘मागे’ दाबलं तर पैसे जातील का, हे कुठंच लिहिलेलं नसतं. तिथं ॲबी बसवून बघ.

मी फॉर्म डिझाइन करायचे तेव्हा एका बचतगटाच्या बायकांबरोबर बसले होते. फॉर्म बिनचूक भरून झाला आणि ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर. नवरा शेतात. प्रत्येकीकडे स्वतःचा फोन असतो, हे त्या पानानं गृहीत धरलेलं होतं. असली उदाहरणं परदेशी पेपरांत कमी सापडतील, ती तुलाच गोळा करावी लागतील. सोपी सुरुवात नावाच्या रकान्यांपासून कर. ठरावीक तारखेपासून जन्मलेल्यांच्या नावात स्वतःच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा महाराष्ट्र सरकारचा २०२४चा निर्णय आहे. कोणत्या पोर्टलच्या फॉर्ममध्ये हा क्रम आला आणि कुठं अजून ‘वडिलांचे/पतीचे नाव’ एवढंच आहे, ते पहिल्याच आठवड्यात तपासून तक्ता करता येईल.

प्लेसमेंटचं थोडक्यात सांगते. दोन रूपं करून लोकांवर तपासण्याला कंपन्यांत ए-बी टेस्टिंग म्हणतात आणि त्यासाठी त्या पगार देतात. मुलाखतीत दोन्ही पानं उघडून दाखव, मग आकडे, मग कोड. आणि हो, मानधन किती आणि पेपर झालाच तर तुझं नाव लेखकांत असेल का, हे मॅडमना होकार देण्याआधीच विचार. यात संकोचण्यासारखं काही नाही.