‘ग्रँट फी’चे ३५ हजार कशाचे?

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. संत्र्यांची प्रतवारी करणाऱ्या यंत्राचा पेटंट अर्ज १२ ऑगस्ट २०१९ रोजी स्वतःच्या नावावर केला होता. गेल्या महिन्यात, ३ मार्च २०२५ ला, पेटंट मंजूर झालं. आता एजंट ‘ग्रँट फी’ म्हणून ३५,००० रुपये मागतो आणि नाही दिले तर सर्टिफिकेट अडकेल म्हणतो. भरू का?

उत्तर: ‘ग्रँट फी’ म्हणून एक रुपयाही देऊ नका. भारतात अशी फीच नाही. २००५ च्या दुरुस्तीआधी पेटंटवर सील मारून घ्यायला वेगळा अर्ज नि फी लागायची, ती पद्धत गेली. सर्टिफिकेटही कुणी अडवू शकत नाही. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाका आणि उतरवून घ्या. (नागपुरात सिव्हिल लाइन्सला असलेल्या राजीव गांधी बौद्धिक संपदा संस्थेत त्यासाठी चकरा नकोत, तिथे प्रशिक्षण मिळतं, तुमची फाइल मुंबईला आहे.)

पण तुमच्याकडे काहीच निघत नाही, असंही नाही. पेटंटची २० वर्षं मंजुरीपासून नव्हे, अर्जाच्या तारखेपासून मोजतात आणि तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण फी लागते. मंजुरीलाच साडेपाच वर्षं गेली, त्यामुळे तिसरं, चौथं, पाचवं आणि चालू सहावं, अशी चार वर्षांची फी साचली आहे. व्यक्तीच्या नावावरच्या पेटंटला या चार वर्षांचा ऑनलाइन दर प्रत्येकी ८०० रुपये, म्हणजे एकूण ३,२००. सातव्या वर्षाचे २,४०० रुपये १२ ऑगस्ट २०२५ च्या आत भरायचे. उद्या पेटंट एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावे केलंत, तर हेच दर पाचपट होतील.

मला काळजी आहे ती तारखेची. साचलेली फी पेटंटची नोंदवहीत नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरावी लागते. नोंद मंजुरीच्याच दिवशी झाली असेल, तर ३ जून २०२५. ई-रजिस्टरवर एकदा बघून घ्या. फॉर्म ४ देऊन, जादा पैसे मोजून, फार तर सहा महिने वाढवून मिळतात. तेही हुकलं की पेटंट बंद पडतं आणि मग १८ महिन्यांच्या आत फॉर्म १५ घेऊन ते पुन्हा सुरू करा म्हणून हात जोडावे लागतात. तीन हजारांपायी ही पाळी आलेले लोक मी पाहिले आहेत.

यंत्र विकलं जातंय की नाही, हे सांगणारा फॉर्म २७ तुम्हाला पहिल्यांदा ३० सप्टेंबर २०२८ पर्यंत द्यायचा आहे.

एजंटच्या मेहनतान्याला माझी ना नाही. परीक्षण अहवालाचं उत्तर, सुनावणी, यांचे पैसे राहिले असतील तर त्याने त्याच नावाने बिल द्यावं. सरकारी फी आणि त्याची फी वेगवेगळी लिहून मागा, आणि सरकारी भरण्याची सीबीआर पावती (पैसे जमा झाल्याची पेटंट कार्यालयाची पावती) हातात आल्याशिवाय हिशेब मिटवू नका.