घाट लागायच्या आधीच

मी समुपदेशक. मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की पालकांकडून एक प्रश्न हटकून येतो. मूल गाडीत बसायलाच तयार नाही, उलटी होईल म्हणून आधीपासून रडतं, तर जायचं की नाही? त्यातलंच एक कुटुंब इथे सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

घर पुण्यातलं. थोरली सहा वर्षांची, धाकटा अडीचचा. आजोळ सावंतवाडीजवळ. जायचं ते सातारा, कोल्हापूर, निपाणी करत आणि आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून. आधी थोरलीला फक्त आंबोलीत उलट्या व्हायच्या. मग खंबाटकीतच सुरू झाल्या. आता तर माळ्यावरून बॅगा काढल्या की हिच्या पोटात दुखायला लागायचं. धाकटा ठणठणीत, घाटभर घोरत पडायचा.

“मुद्दाम करते का हो ती?” आईचा पहिला प्रश्न. “आजोळी जायचं म्हटलं की नाचते आणि गाडीपाशी गेलं की भोकाड.”

बाबांचं म्हणणं वेगळं. “मीही लहानपणी एसटीत ओकायचो. मला कुणी समुपदेशकाकडे नेलं नव्हतं.” खरंच आहे. एसटीच्या खिडक्यांखालचे ओघळ कुणी पाहिले नाहीत? पण बाबांच्या या वाक्यात अर्धं उत्तर होतं. गाडी लागणं पुष्कळदा घराण्यात असतं. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. वळणावर ती मेंदूला सांगते की आपण हलतोय. डोळे मात्र पुढच्या सीटच्या पाठीवर किंवा मोबाइलवर खिळलेले, त्यांच्या मते सगळं स्थिर. या विसंगतीतून मळमळ होते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही, शाळेत जायच्या वयात तो वाढतो आणि बहुतेकांचा पुढे मोठेपणी कमी होतो. तेव्हा थोरलीच्या आंबोलीतल्या उलट्या नाटक नव्हत्या आणि धाकट्याची झोप म्हणजे त्याचा शहाणपणाही नव्हे.

बॅगा पाहून पोटात दुखणं मात्र कानामुळे होत नाही. तो भाग माझ्याकडचा.

मी तिला म्हटलं, माझ्या खुर्च्यांची गाडी कर आणि आजोळी कसं जाता ते दाखव. तिने दोन खुर्च्या पुढे, दोन मागे लावल्या, बाहुली धाकट्याच्या जागी झोपवली आणि स्वतः पुढे आईच्या खुर्चीत बसली. टेबलावरची प्लास्टिकची पिशवी उचलून ती कानाशी चुरचुर वाजवली, मान मागे वळवली आणि हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाली, “होतंय का गं? आधी सांग हं. होतंय का?” मग टुणकन शेजारच्या खुर्चीत जाऊन बाबा झाली. “आता नको हं. इथे थांबता येत नाही.”

आईवडील माझ्यासमोर बसून हे बघत होते. आईचा चेहरा उतरला. वास्तविक तिने वाईट काहीच केलं नव्हतं. उलटी अंगावर पडू नये म्हणून कुठलीही आई हेच करेल. पण चिंच नुसती पाहिली तरी तोंडाला पाणी सुटतं, तसं या मुलीच्या शरीराने पिशवीचा आवाज, गाडीतल्या सुगंधी डबीचा वास आणि ‘होतंय का’ हे सगळं उलटीशी जोडून टाकलं होतं. त्यात मुद्दाम काहीच नव्हतं, आणि ‘मनातून काढून टाक’ म्हणून ते निघणारही नव्हतं.

“मग पुढे काय होतं?” मी विचारलं. ती खुर्चीवरून उतरली. “मी ओकले की बाबा आईला बोलतात.”

सासुरवाडीला जेवायला खोळंबलेत म्हणून बाबांना अंधाराच्या आत पोचायचं असतं. आईला थांबत जायचं असतं. थोरलीला उलटी झाली की ‘मिसळ कुणी दिली तिला’ इथपासून सुरू होऊन गोष्ट पार लग्नापर्यंत जाते. सहा वर्षांच्या मुलीने त्याचा सरळ अर्थ लावला होता: भांडण माझ्या पोटामुळे होतं. पोट बिघडण्यापेक्षा तिला धास्ती त्यानंतरच्या गाडीतल्या अर्ध्या तासाची होती. म्हणून पहिलं काम मी मुलीला नाही, बाबांना दिलं. प्रवास दोन दिवसांचा करायचा आणि कोल्हापुरात मुक्काम. खर्चावरून त्यांनी बरीच कुरकुर केली, पण पोचायची घाई हेच भांडणाचं मूळ आहे हे त्यांनाही दिसत होतं.

बाकीचं सोपं होतं. ‘होतंय का’ हा प्रश्न पूर्ण बंद. पिशवीऐवजी झाकणाचा डबा, तोही तिच्याच हातात. तिने ‘थांब’ म्हटलं की गाडी थांबणार. पण घाटातल्या वळणावर थांबणं धोक्याचं, म्हणून थांबे आधीच ठरवले आणि तिला सांगितले. उतार सुरू होण्याआधी आंबोली गावात उतरून पाय मोकळे करायचे, मग घाट संपल्यावर दाणोलीत. निघताना पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. घाटात मोबाइल बंद, नजर लांब रस्त्यावर.

आधी त्रास वाढला की तिला मागून उचलून पुढे आईच्या मांडीवर घेत, ते बंद करायला लावलं. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट लागतेच, नाहीतर हजार रुपये दंड. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल हातात राहत नाही. मागच्या सीटवर उंच बैठक घेतल्याने तिला समोरचा रस्ताही दिसू लागला.

औषधाचं मात्र बालरोगतज्ज्ञांनाच विचारा म्हटलं. मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं हा घरोघरी चालणारा प्रकार मला अजिबात मान्य नाही. यातली काही औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचीच नसतात.

सरावही केला. आधी पार्किंगमध्ये उभ्या गाडीत बसून नुसती गोष्ट. मग कात्रजच्या जुन्या घाटात जाऊन परत. मग दिवे घाट. प्रत्येक वेळी तिला बरं वाटत असतानाच थांबायचं, हे महत्त्वाचं.

आणि आंबोलीत तिला उलटी झाली. एकदाच, डब्यात. बाबा काही बोलले नाहीत, आई काही बोलली नाही, दाणोलीत तिने चूळ भरली आणि भूक लागली म्हणाली. उलटी थांबवणं हे आमचं उद्दिष्टच नव्हतं, त्यामुळे माझ्या लेखी ही सहल छान झाली. धाकट्याने मात्र मलाही असाच डबा पाहिजे म्हणून सावंतवाडीपर्यंत गाडी डोक्यावर घेतली.

शेवटच्या भेटीत बाबा भलतेच खुशीत. “मग पुढच्या वर्षी मनालीहून लेह करू का?” त्यांना थोडं थांबवावं लागलं. आंबोली समुद्रसपाटीपासून जेमतेम सातशे मीटरवर, लेह साधारण साडेतीन हजारांवर, आणि मनालीच्या रस्त्यावरच्या काही खिंडी त्याहून खूप उंच. तिथे मुलाला उलटी झाली, मूल किरकिरं झालं, जेवेना, तर गाडी लागली म्हणून सोडून देता येत नाही. विरळ हवेचा त्रास असू शकतो, आणि धाकट्याएवढ्या पोराला डोकं दुखतंय हे नीट सांगताही येत नाही. तसं वाटलं तर आणखी वर चढायचं नाही, त्रास वाढला तर खाली उतरायचं. जायचं की नाही ते बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा, असं मी सांगितलं. थोरलीने मध्येच विचारलं, लेहला जाताना दाणोली लागते का?